ईम गाव आणि तिथलं प्लेगचं संग्रहालय: आईला घेऊन दोनदा जाऊन आल्यावर

लिहितात ई-वाय-ए-एम, पण म्हणतात नुसतं ‘ईम’. हे आधीच सांगते, बसमध्ये तिकीट काढताना उपयोगी पडेल. शेफील्डहून बसनं तासाभराच्या आत पोचता येतं. इंग्लंडमधल्या डार्बीशरमध्ये, पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरात वसलेलं हे जेमतेम हजारेक वस्तीचं गाव. १६६५-६६ च्या प्लेगात साथ बाहेर जाऊ नये म्हणून यानं स्वतःला बंद करून घेतलं होतं. मधून जाणारा एक रस्ता, त्याला लागून करड्या-पिवळट दगडांची घरं, चर्च, शाळा, चहाची एक-दोन ठिकाणं आणि एक छोटं संग्रहालय. मी तिथे तीनदा गेले. एकदा एकटी, दोनदा आईला घेऊन. इकडे आई-वडील आले की आपण लंडन, बाथ, लेक डिस्ट्रिक्ट अशी ठरलेली वारी करतो. ओळखीतल्या दोघी-तिघींनी मला विचारलं, ईमला नेण्यासारखं आहे का? आहे, नक्की आहे. पण तिथे काय बघायचं आणि किती सावकाश बघायचं, ते सांगितल्याशिवाय नुसतं ‘जा’ म्हणण्यात अर्थ नाही.

पहिल्यांदा गेले तेव्हा जानेवारी होता आणि संग्रहालय बंद होतं. हिवाळ्यात ते बंद ठेवतात हे मी न पाहताच निघाले होते. परतीच्या बसला दोन तास होते, म्हणून गावातून नुसती चालत सुटले. चर्चच्या शेजारी एका रांगेत तीन-चार जुनी घरं आहेत, त्यांना ‘प्लेग कॉटेजेस’ म्हणतात. प्रत्येकाच्या पुढे हिरवी पाटी. मला वाटलं, असेल नेहमीचं, अमुक साली बांधलं, तमुक इथे राहून गेला. पहिली पाटी वाचली आणि थंडीत तिथेच उभी राहिले.

त्या पाटीवर एका कुटुंबाचा हिशेब आहे. मेरी हॅडफील्ड, आधीच्या लग्नाची कूपर, इथे राहत होती. बरोबर एडवर्ड आणि जोनाथन हे दोन मुलगे, दुसरा नवरा अलेक्झांडर हॅडफील्ड आणि कामाला ठेवलेला जॉर्ज व्हिकर्स. जॉर्ज गेला ७ सप्टेंबर १६६५ ला. चार वर्षांचा एडवर्ड २२ सप्टेंबरला. बारा वर्षांचा जोनाथन २ ऑक्टोबरला. अलेक्झांडर पुढच्या वर्षी ३ ऑगस्टला. मेरी एकटी वाचली आणि तिनं तेरा नातलग गमावले. पाटी एवढंच सांगते. एकही विशेषण नाही, ‘दुर्दैवी’ नाही, ‘शूर’ नाही. शेजारच्या घरावरची पाटी आणखी आखूड. थॉर्प कुटुंबातली नऊ माणसं इथे राहत होती, नऊच्या नऊ गेली. आणि त्याच घराच्या खिडकीत स्वच्छ पडदे, उंबऱ्याशी चिखलाचे बूट, दाराजवळ रिकामी झालेली फुलझाडांची कुंडी. आत कुणीतरी आज राहतंय, रात्री दिवे लावतंय.

मला हे इतकं का लागलं, तेही सांगते. मी शेफील्डमध्ये एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स आहे. कोविडच्या पहिल्या वर्षी आमच्याकडे ड्यूटी बदलताना रिपोर्ट द्यायचो तो बेडच्या नंबरावर. ‘चार नंबर खालावलाय’, ‘सात नंबरच्या घरी फोन करायचाय’. तेव्हा दुसरा इलाज नव्हता, नावं उच्चारायला दम नसायचा. पण आजही मला आकडे आठवतात आणि माणसं आठवत नाहीत, याचं वाईट वाटतं. ईमनं साडेतीनशे वर्षांत एक काम नेटानं केलंय. गेलेल्या माणसाला त्याचं नाव, त्याचं घर आणि त्याची तारीख परत दिलीय. माझ्या मते या गावात बघण्यासारखं मुख्य हेच आहे, बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

गोष्ट ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १६६५ मध्ये लंडनमध्ये प्लेगनं थैमान घातलं होतं. त्या उन्हाळ्याच्या शेवटी ईमच्या शिंप्याकडे, म्हणजे अलेक्झांडर हॅडफील्डकडे, लंडनहून कापडाचं गाठोडं आलं. कापड दमट होतं म्हणून जॉर्ज व्हिकर्सनं ते उघडून शेकोटीपुढे वाळत घातलं. कापडात पिसवा होत्या असं मानतात. आठवडाभरात तो गेला. वर्ष सरेपर्यंत चाळीसच्या वर माणसं दगावली. थंडीत साथ मंदावली आणि उन्हाळा लागताच पुन्हा उसळली. गावचे धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन तेव्हा तिशीच्याही आतले, दोनच वर्षांपूर्वी आलेले. गावाला ते फारसे आपले वाटत नव्हते. लोकांचा जीव होता तो आधीच्या थॉमस स्टॅनली यांच्यावर. धर्माच्या नव्या कायद्याला मान न दिल्यानं त्यांना १६६२ मध्ये पद सोडावं लागलं होतं. एकमेकांचं न पटणारे हे दोघं एकत्र आले आणि जून १६६६ मध्ये तीन गोष्टी ठरल्या. चर्चमधली प्रार्थना बंद, ती बाहेर दरीत उघड्यावर, कुटुंबाकुटुंबानं अंतर राखून. आपल्या माणसाला आपणच, आपल्याच जमिनीत पुरायचं. आणि तिसरी सगळ्यात अवघड, गावाच्या हद्दीबाहेर कुणी जायचं नाही, आत कुणी यायचं नाही. जवळच्या चॅट्सवर्थचे सरदार अर्ल ऑफ डेव्हनशर यांनी अन्नधान्य पुरवायचं कबूल केलं. १ नोव्हेंबर १६६६ ला शेवटचा माणूस गेला. चौदा महिन्यांत ७६ कुटुंबांतली २६० माणसं. साथ आजूबाजूच्या गावांत पसरली नाही.

आता संग्रहालय. आई जूनमध्ये आली आणि जुलैत आम्ही दोघी गेलो. इमारत पूर्वीचं मेथडिस्ट चॅपल आहे. छपरावरच्या वाऱ्याच्या दिशादर्शकावर कोंबड्याऐवजी उंदीर आहे, तो आधी आईलाच दिसला. १९९४ मध्ये हे सुरू झालं. गावातले क्लॅरेन्स डॅनियल नावाचे गृहस्थ आयुष्यभर गावचा इतिहास जमवत राहिले, घरातच त्यांनी छोटं संग्रहालय मांडलं होतं. ते गेल्यावर तो संग्रह गावाला मिळाला आणि त्यातून हे उभं राहिलं. चालवतात गावातली आणि आसपासची माणसं, स्वेच्छेनं, बरीचशी निवृत्त. तिकिटाच्या टेबलापाशी बसलेल्या आजींनी आईला ‘डक’ म्हणून हाक मारली. या भागात तसंच म्हणतात, आपल्याकडच्या ‘बाळा’सारखं. आई सत्तरीची, तिला फार आवडलं. दिवसभर ती मला डक म्हणत होती.

प्लेगचा भाग वरच्या मजल्यावर आहे, म्हणजे जिना चढावा लागतो. सुरुवात होते ती युरोपभर फिरलेल्या प्लेगपासून, मग गाठोडं, मग एकेक घर. मांडणी साधी आहे. फलक, चित्रं, काही प्रसंगांचे पुतळे. मोठ्या शहरातल्या संग्रहालयांत असतात तसे चमकते पडदे नाहीत, आणि ते नसल्यानं काही बिघडत नाही. फलक वाचायला वेळ मात्र लागतो. इंग्रजी वाचनाचा कंटाळा असणाऱ्यानं हे ध्यानात घ्यावं. आई निवृत्त शिक्षिका, तिनं पर्समधून वही काढली आणि नावं उतरवायला बसली. मी तिला उच्चार सांगत होते. शेवटी त्या टेबलाजवळच्या आजी वर आल्या, त्यांनी मला दोन उच्चार दुरुस्त करून दिले आणि आईसाठी खुर्ची आणून ठेवली.

एक जागा मी कधी विसरणार नाही. रायलीच्या शेतावरच्या एलिझाबेथ हॅनकॉकची हकिकत. ३ ते १० ऑगस्ट १६६६ या आठ दिवसांत तिचा नवरा आणि सहा मुलं गेली. नियमाप्रमाणे पुरायचं तिनं एकटीनं. मृतदेहाला हात लागू नये म्हणून पायाला कापड बांधून ओढत नेलं, असं सांगतात. मी आयसीयूत काम केलंय, प्रेत गुंडाळणं मला नवं नाही. पण आमच्यात एक अलिखित नियम आहे, गेलेल्या माणसाजवळ एकटीनं कुणी राहायचं नाही, नेहमी दोघी. एलिझाबेथला दुसरी कुणी नव्हती. मी आईला हे सांगितलं तेव्हा तिनं वही मिटली आणि बराच वेळ माझा हात धरून बसली.

हकिकत इथेच सोपी करून सांगता आली असती, ‘गावानं एकमुखानं बलिदान दिलं’ म्हणून. बऱ्याच ठिकाणी ती तशीच सांगतात आणि मला ते पटत नाही. साथ लागल्याबरोबर काही सुखवस्तू कुटुंबं गाव सोडून गेली होती. मॉम्पेसन यांनी स्वतःच्या दोन मुलांना आधीच यॉर्कशरला धाडलं होतं. यात त्यांना दोष द्यायचा नाही, कुठल्याही आई-बापानं तेच केलं असतं. पण ज्यांना जायला दुसरी जागाच नव्हती, त्यांच्या राहण्याला आपण काय म्हणायचं? आणि गाव बंद केल्यानं आत काय झालं? २०१६ मध्ये ईमच्या नोंदींचा एक शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असं निघालं की जवळजवळ तीन चतुर्थांश लागण उंदरांकडून नाही, तर माणसाकडून माणसाला झाली होती. म्हणजे एका छपराखाली कोंडून घेतलेल्यांना धोका वाढतच गेला असणार. गावाची तेव्हाची वस्ती पूर्वी समजत होते त्यापेक्षा बरीच जास्त, सातशेच्या आसपास होती, असाही त्या अभ्यासाचा अंदाज. हे वाचल्यावर माझा त्या माणसांबद्दलचा आदर कमी झाला नाही, वाढला. त्यांना जंतू ठाऊक नव्हता, पिसू ठाऊक नव्हती. आपल्यामुळे पलीकडचं गाव मरू नये, एवढंच त्यांना कळत होतं.

पुढचं कुणी फारसं सांगत नाही. मॉम्पेसन १६६९ मध्ये नॉटिंगहॅमशरमधल्या ईकरिंग गावी धर्मगुरू म्हणून गेले, तर तिथले लोक त्यांना घाबरले. साथ सरून तीन वर्षं झाली होती, तरी त्यांना गावाबाहेर राहावं लागलं असं सांगतात. कोविडच्या त्या पहिल्या उन्हाळ्यात आमच्या बिल्डिंगमधली एक बाई मला गणवेशात पाहिलं की जिन्यात थांबायची, मी दार लावेपर्यंत वर यायची नाही. मी तिच्यावर रागावले नाही, पण ते विसरलेही नाही. मॉम्पेसनांचं ते वाचून मला वाटलं, हा माणूस माझ्या ओळखीचा आहे.

खालच्या मजल्यावर प्लेगनंतरचं गाव आहे. शिशाच्या खाणी, दगड-खनिजं, कापडाचा आणि बुटांचा धंदा. मी ते भराभरा पाहिलं, पण गावाचं पोट कशावर चालत आलं ते कळतं, म्हणून टाळू नका.

संग्रहालयातून निघून लगेच बस पकडू नका, ही माझी कळकळीची विनंती. खरं संग्रहालय बाहेर आहे. गावाच्या दक्षिणेला लिडगेटच्या बाजूनं एक पायवाट शेतांतून स्टोनी मिडलटनकडे जाते. त्या वाटेवर हद्दीचा दगड आहे. अर्धा तास सावकाश चालायचं, मेंढ्यांची शेतं, दगडी कुंपणांत अरुंद फटी. आईच्या गुडघ्यांना एकदोनदा आधार द्यावा लागला, पण ती आली. दगड दिसायला काहीच नाही. गवतात बसलेल्या म्हशीसारखा एक मोठा धोंडा, त्याच्या माथ्यावर सहा भोकं. वाटीएवढी नाहीत, दोन बोटं जातील एवढी. गावकरी यात पैसे ठेवायचे आणि भोकांत व्हिनेगर ओतलेलं असायचं, पैशातलं विष मरावं म्हणून. स्टोनी मिडलटनची माणसं भाकरी-धान्य ठेवून पैसे उचलायची आणि माघारी फिरायची. भोकांच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्यात, आतला दगड हाताला गार लागतो. आम्ही गेलो तेव्हा त्यांत पावसाचं पाणी होतं आणि पाण्यात लोकांनी टाकलेली नाणी. आईनं विचारलं, व्हिनेगर कशासाठी, तुम्ही सॅनिटायझर वापरता तसं का? मी म्हटलं, अगदी तसंच, त्यांच्याकडे होतं ते त्यांनी वापरलं. मग ती म्हणाली, अगं, पलीकडचे सामान द्यायला नाही म्हणाले नाहीत, हे महत्त्वाचं. खरंच आहे. भाकरी आणून ठेवणाऱ्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत. त्या उंचवट्यावरून खाली स्टोनी मिडलटन दिसतं, मैलभराच्या आत. रोलंड टोर तिथलाच, ईमची एमट सिडॉल त्याची प्रेयसी. दोघं दरीत लांबून एकमेकांना बघायला यायचे, एप्रिल १६६६ मध्ये ती यायची बंद झाली. चर्चमधल्या एका रंगीत खिडकीत हे चित्र आहे. तिच्या घरात भाऊ-बहिणी-वडील सगळे गेले, तीन वर्षांचा जोसेफ तेवढा उरला.

रायलीच्या कबरी गावाच्या पूर्वेला, चढावर, अर्ध्या मैलावर. तिथे आई आली नाही, मी एकटीच गेले. शेताच्या मध्ये दगडाची गोल भिंत आणि आत सात जणांच्या खुणा. आता नॅशनल ट्रस्ट ही जुना वारसा जपणारी संस्था त्यांची निगा राखते. एक जोडपं भिंतीवर चढून हसत सेल्फी काढत होतं. मी काही बोलले नाही, पण इथे लिहिते. ही कुणाच्या तरी सहा पोरांची जागा आहे. भिंतीच्या बाहेर उभं राहूनही फोटो चांगला येतो. गावातल्या घरांचंही तेच. पाटी वाचा, पण खिडकीला नाक लावू नका, आत माणसं जेवत असतात.

चर्चच्या आवारात आठव्या शतकातला कोरीव क्रॉस आहे, त्याच्या जवळच मॉम्पेसन यांची बायको कॅथरीन हिची कबर. सत्तावीस वर्षांची होती. नवऱ्यानं मुलांबरोबर जायला सांगितलं तरी ती मागे राहिली, आजाऱ्यांचं करत राहिली आणि २५ ऑगस्ट १६६६ ला गेली. मला तिथे सावित्रीबाईंची आठवण आली. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करताना त्याही गेल्या. आईनं कबरीपुढे हात जोडले. भिंतीवर १७७५ मधलं सूर्याचं घड्याळ आहे, ते वाचायला शिकायचं तर अर्धा तास जाईल. आणि क्रिकेटवेड्यांसाठी एक खास गोष्ट, डार्बीशरकडून खेळलेले आणि पुढे अंपायर झालेले हॅरी बॅगशॉ यांची कबर याच आवारात आहे. दगडावर उडालेल्या बेल्स आणि वर उचललेलं अंपायरचं बोट कोरलंय. बाबांना दाखवायला मी त्याचा फोटो पाठवला. त्यांचं पहिलं उत्तर आलं, ‘आउट कसा झाला?’

दुसऱ्यांदा आम्ही मुद्दाम ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात गेलो, वेल ड्रेसिंगसाठी. डार्बीशरच्या गावांत विहिरी आणि पाण्याच्या जागा फुलांच्या चित्रांनी सजवायची जुनी प्रथा आहे. आमच्या सुदैवानं आधीच्या एका संध्याकाळी काम चालू असताना बघायला मिळालं. लाकडी फळ्या आधी पाण्यात भिजत टाकतात, म्हणजे त्या माती सुकवत नाहीत. माती मऊ मळून, मीठ घालून इंचभर जाड थापायची. त्यावर चित्राचा कागद ठेवून रेघेरेघेवर टाचणीनं टोचायचं. कागद काढला की मातीवर ठिपक्यांचं चित्र उमटतं. मग रेघांवर अल्डरच्या झाडाची काळी फळं एकेक बसवायची आणि आतले रंग पाकळ्यांनी भरायचे. पाकळी लावायची ती खालून वर, कौलांसारखी एकावर एक, म्हणजे पाऊस पडला तर पाणी ओघळून जातं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, ही उभी रांगोळी आहे गं. पाच-सहा बायका आणि दोन पुरुष वाकून बसले होते, कुणाच्या मानेला रग लागली की दुसरा जागा घ्यायचा. एकीनं आईला विचारलं, लावतेस का? आई जमिनीवर मांडी घालून बसू शकत नाही, म्हणून फळीचा कोपरा तिच्यापुढे उचलून धरला. हायड्रेंजियाच्या अकरा निळ्या पाकळ्या तिनं लावल्या. ते चित्र आठवडाभर टिकतं, मग माती तडकते. या गावातलं माझं सगळ्यात आवडतं काम हेच, आणि ते कुठल्याही तिकिटात मिळत नाही.

त्याच आठवड्याच्या शेवटी मिरवणूक आणि मेंढा भाजण्याचा कार्यक्रम असतो. रविवारी ‘प्लेग संडे’. गावकरी चर्चपासून चालत ककलेट डेल्फला जातात, जिथे १६६६ मध्ये उघड्यावर प्रार्थना व्हायची त्याच दरीत. आम्ही मागे उभ्या राहिलो. गवत ओलं होतं. लोक घरून खुर्च्या घेऊन आले होते, शाळेतली मुलं कंटाळून गवत उपटत होती, एक कुत्रा मध्येच भुंकला. धर्माचं सगळं मला समजलं असं नाही, पण ते जत्रेसारखं वाटलं नाही, घरातल्या श्राद्धासारखं वाटलं. ज्यांचं आहे ते करताहेत, बाकीच्यांनी आदरानं बाजूला उभं राहायचं.

गावाचं रोजचं जगणं मला आवडलं ते सूचनाफलकावरून. हरवलेलं मांजर, योगाचा वर्ग, संग्रहालयाला स्वयंसेवक हवेत. गावात दगडी पन्हाळीसारख्या पाण्याच्या टाक्या अजून आहेत, १५८८ पासूनच्या पाणीयोजनेच्या. ‘हॉल’ म्हणून मोठा जुना वाडा आहे, त्याच्यासमोर हिरवळीवर गुन्हेगाराचे पाय अडकवायचा लाकडी खोडा. मुलांना तो फार आवडतो. चहाला जिथे बसलो तिथे आईला गरम स्कोन मिळाला आणि शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी त्यावर आधी जॅम की आधी क्रीम, हे तिला गंभीरपणे समजावलं.

बसबद्दल मात्र तक्रार आहे. परतीची बस एकदा आलीच नाही, थांब्यावर काही सूचना नाही, आई पाऊण तास पावसात उभी. शेवटी गावातल्या एका बाईंनी गाडीतून आम्हाला स्टेशनापर्यंत सोडलं, पैसे घेतले नाहीत. रविवारी बस कमी असतात, तेव्हा म्हातारी माणसं बरोबर असतील तर परतीच्या शेवटच्या नाही, त्याच्या आधीच्या बसचा बेत ठेवा.

आणखी थोडं. पूर्ण दिवस हाती ठेवा, सकाळी संग्रहालय, जेवण, मग दगडाकडे चालणं. चालायला पकड असलेले बूट, शेतातली वाट पावसाळी दिवसांत घसरते. संग्रहालय उघडं आहे का ते निघण्याआधी त्यांच्या साइटवर पाहून घ्या. मुलं आठ-नऊ वर्षांच्या पुढची असतील तर न्या, त्याहून लहान असतील तर वरच्या मजल्यावर त्यांना झेपेल का याचा विचार करा. आणि आईसारखं कुणी बरोबर असेल तर वही-पेन द्या. पाट्या नुसत्या उभ्यानं वाचून लक्षात राहत नाहीत.